इंग्रजी भाषाविज्ञान, साहित्य आणि भाषाध्यापन यांतील संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषाविज्ञान, साहित्य आणि भाषाध्यापन ही तिन्ही क्षेत्रे एकाच इंग्रजी विभागात असतात. मग त्यांतील संशोधनात नेमका फरक कोणता?

फरक अभ्यासवस्तूत फारसा नाही, पुराव्यात आहे. 'शी वॉक्स' या छोट्या वाक्यातील क्रियापदाला लागलेला 'स' पाहा. पीटर ट्रडगिल यांनी नॉरिच शहरातील बोलीचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. हा 'स' तिथल्या बोलीत अनेकदा गळतो आणि तो किती वेळा गळतो याचा संबंध बोलणाऱ्याच्या सामाजिक वर्गाशी आहे, असे त्यात दिसून आले. साहित्याच्या अभ्यासकाला याच प्रत्ययाचा जुना इतिहास उपयोगी पडतो. शेक्सपिअरच्या काळी 'हॅथ' हे जुने आणि 'स'चे 'हॅज' हे नवे, अशी दोन्ही रूपे चालत होती. त्याचा समकालीन नाटककार जॉन फ्लेचर मात्र 'हॅथ' क्वचितच लिहीत असे. म्हणून या दोघांनी मिळून लिहिलेल्या नाटकांत कोणता प्रवेश कोणाच्या हातचा, हे ठरवताना ही रूपे मोजली जातात. भाषाध्यापनाच्या संशोधकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे : विद्यार्थ्याला नियम तोंडपाठ असतो, चाचणीत तो बरोबर लिहितो, आणि तरीही बोलताना हा 'स' वर्षानुवर्षे का गळतो?

पहिल्याला ध्वनिमुद्रणे लागतात, दुसऱ्याला विश्वसनीय संहिता लागते आणि तिसऱ्याला ठराविक काळाने पुन्हा पुन्हा तपासलेले विद्यार्थी लागतात. आपण यांपैकी कोणत्या पुराव्याच्या बळावर बोलणार आहोत, हे ठरले नसेल तर विषय कितीही आकर्षक असला तरी काम पुढे सरकत नाही.

विषय कसा निवडावा?

विषय निवडू नये, प्रश्न निवडावा. 'अमुक कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांतील परात्मता', म्हणजे पात्रांचे स्वतःपासून आणि समाजापासून तुटलेपण, हा विषय झाला. त्यात विचारलेले काहीच नाही, त्यामुळे त्याचे उत्तरही देता येत नाही. अशा विषयावरील प्रबंधात बहुधा असे घडते, की पहिल्या प्रकरणात परात्मतेच्या व्याख्या येतात, पुढच्या चार प्रकरणांत चार कादंबऱ्यांचे कथानक येते आणि शेवटी या कादंबऱ्यांत परात्मता आहे असे सांगितले जाते. ती आहे हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते.

याच विषयातून प्रश्न काढायचा तर असा काढता येईल : एखाद्या लेखकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत पात्राचे एकाकीपण निवेदक सांगतो आणि उत्तरार्धातील कादंबऱ्यांत ते मुक्त अप्रत्यक्ष निवेदनातून, म्हणजे पात्राचे विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळून, सूचित होते, असा बदल खरोखर झाला आहे का? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. हीच त्याची कसोटी आहे. कोणता पुरावा हाती आला तर मी माझे म्हणणे मागे घेईन, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर संशोधनप्रश्न अजून तयार झालेला नाही असे समजावे.

नावीन्याची चिंता मात्र अनेकजण उगाचच करतात. ज्या लेखकावर आजवर कोणीही लिहिले नाही असा लेखक शोधणे म्हणजे नावीन्य नव्हे. कधीकधी त्याच्यावर न लिहिण्याला चांगली कारणे असतात.

पूर्वसाहित्याचा आढावा किती मोठा असावा?

लांबीपेक्षा त्याची रचना महत्त्वाची. 'अमुक यांनी अमुक साली असे म्हटले, तमुक यांनी तमुक साली तसे म्हटले' या पद्धतीने लिहिलेला आढावा ही परिच्छेदांत लिहिलेली संदर्भसूचीच असते. आढाव्यात वाद दिसला पाहिजे. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांच्या लेखनातील व्याकरणाच्या चुका शिक्षकाने सुधाराव्यात की नाही, या प्रश्नावर जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशी भूमिका घेतली, की अशा दुरुस्तीचा उपयोग होत नाही, उलट अपाय होतो, म्हणून ती सोडून द्यावी. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये हे मत घाईचे असल्याचे सांगत त्याला उत्तर दिले. त्यानंतरचे कितीतरी संशोधन या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे : कोणत्या प्रकारच्या चुका, कोणत्या पातळीचे विद्यार्थी, चूक नुसती अधोरेखित करायची की बरोबर रूपही द्यायचे, आणि सुधारणा त्याच निबंधाच्या पुढच्या खर्ड्यात मोजायची की काही आठवड्यांनी लिहिलेल्या नव्या निबंधात. आपला प्रश्न या वादात नेमका कोठे बसतो हे वाचकाला दिसले, की आढावा पुरेसा झाला.

जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचे जे विश्लेषण मांडले, ते येथे फार उपयोगी पडते. बहुतेक प्रस्तावना आधी क्षेत्राची ओळख करून देतात, मग त्यातली रिकामी जागा दाखवतात आणि शेवटी ती जागा आपण कशी भरणार ते सांगतात. आपल्या विषयातील दहा निबंधांच्या प्रस्तावना घेऊन हे तीन टप्पे पेन्सिलीने खुणावून पाहावेत. ज्या वाक्यात 'परंतु' किंवा 'तथापि' येते, त्या वाक्यापाशी बहुधा दुसरा टप्पा सुरू होतो.

भाषेविषयी विधान करायचे तर पुरावा कोठून आणावा? स्वतःची भाषिक जाण पुरेशी नाही का?

वाक्यरचनेच्या काही प्रश्नांसाठी ती पुरेशी मानली जाते. १९५७ नंतर नोम चॉम्स्की यांच्या प्रभावाखाली वाढलेली परंपरा भाषकाच्या अंतर्ज्ञानावर बरीच विसंबून आहे. मात्र लोक प्रत्यक्षात कसे बोलतात हा प्रश्न असेल, तर स्वतःच्या कानावर विश्वास ठेवण्यात धोका आहे, कारण आपण कसे बोलतो याविषयीची आपली समजूत आणि आपले बोलणे यांत अंतर असते. शिवाय, आपले बोलणे कोणी तपासत आहे हे कळताच माणूस सावरून बोलू लागतो.

विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या अडचणीतून काढलेली वाट आजही शिकण्यासारखी आहे. स्वरानंतरचा 'र' कोण उच्चारते आणि कोण गाळते, हा त्यांचा प्रश्न होता. उंची, मध्यम आणि स्वस्त अशा तीन श्रेणींची तीन मोठी दुकाने त्यांनी निवडली. चौथ्या मजल्यावर काय मिळते हे आधी पाहून ठेवले आणि ती वस्तू कोठे मिळेल असे विक्रेत्यांना विचारत गेले. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोअर' असे येई. मग ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा विचारत, आणि विक्रेता तेच शब्द या वेळी जरा सावकाश, ठसठशीत उच्चारी. दोन शब्द, दोनदा. म्हणजे एका माणसाकडून 'र' च्या चार जागा. नंतर दृष्टिआड होऊन ते टिपण करून ठेवत. अशा २६४ जणांची नोंद झाली आणि 'र' चा उच्चार उंची दुकानात सर्वाधिक, स्वस्त दुकानात सर्वांत कमी आढळला. यात यंत्र नाही, प्रश्नावली नाही. फक्त प्रश्न इतका नेमका आहे की दोन शब्दांत त्याचे उत्तर मिळते.

कॉर्पस वापरायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

कॉर्पस म्हणजे ठरवून निवडलेल्या संहितांचा संगणकीय संग्रह. ब्राउन कॉर्पसमध्ये १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुराचे प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने आहेत, म्हणजे एकूण सुमारे १० लाख शब्द. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे १० कोटी शब्दांचा आहे आणि त्यातील जवळजवळ नऊ दशांश भाग लेखी भाषेचा आहे. त्यामुळे त्याच्या आधारे 'इंग्रज लोक असे बोलतात' हे विधान करण्यापूर्वी आपण बोलीचा भाग पाहिला की लेखी, हे स्वतःला विचारावे.

सर्वाधिक आढळणारी चूक अंकगणिताची आहे. समजा, एखादा शब्द पहिल्या संग्रहात ४० वेळा आणि दुसऱ्यात २,५०० वेळा सापडला. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण दर १० लाख शब्दांमागे हिशेब केला तर पहिल्यात ४० आणि दुसऱ्यात २५ असे प्रमाण निघते, आणि निष्कर्ष उलटा होतो. आकारभेद असलेल्या संग्रहांची तुलना करताना कच्चे आकडे देऊन थांबलेले निबंध परीक्षकांकडून परत येतात, आणि ते योग्यच आहे.

स्वतः तयार केलेला लहान संग्रहही चालतो. मजकूर कसा निवडला आणि काय वगळले, हे मात्र इतके स्पष्ट लिहावे की दुसऱ्याला तसाच संग्रह पुन्हा उभा करता यावा.

साहित्याच्या संशोधनात तर मते असतात. तेथे पुरावा कसला?

मते असतात, पण ती संहितेवर उभी असतात, आणि संहिता ही दिसते तितकी स्थिर वस्तू नाही. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८३१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे. दुसऱ्या आवृत्तीत ती एका गरीब शेतकरी कुटुंबात वाढत असलेली आणि व्हिक्टरच्या आईवडिलांनी घरी आणलेली, रक्ताच्या नात्यातली नसलेली मुलगी आहे. आता कल्पना करा, की एखाद्याने या कादंबरीतील नातेसंबंध आणि विवाह यांवर पूर्ण प्रकरण लिहिले आणि आपण कोणती आवृत्ती वाचली हे सांगितलेच नाही. त्या प्रकरणाचा पायाच डळमळीत होतो. 'हॅम्लेट'चेही तसेच : १६०३ ची पहिली प्रत नंतरच्या प्रतींच्या मानाने खूपच आखूड आहे आणि सर्वांना पाठ असलेले 'टू बी ऑर नॉट टू बी' हे स्वगतही तीत निराळ्या शब्दांत येते. म्हणून आवृत्तीची निवड ही प्रस्तावनेत सकारण सांगण्याची गोष्ट आहे. बाजारात मिळालेली स्वस्त प्रत वापरली, हे कारण होत नाही.

दुसरा पुरावा वाचनाचा. आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजमधील विद्यार्थ्यांच्या हाती कवीचे नाव आणि काळ काढून टाकलेल्या कविता देत आणि त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेत. त्या अभिप्रायांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला. नाव झाकताच चांगले शिकलेले वाचकही साध्या अर्थापाशी अडखळतात, हे त्यातून उघड झाले. संशोधनाच्या विद्यार्थ्याने ही परीक्षा अधूनमधून स्वतःवर घ्यावी : लेखकाचे चरित्र आणि समीक्षकांचे शेरे बाजूला ठेवले, तर या उताऱ्याविषयी मला काय म्हणता येते?

प्रबंधात सिद्धान्त वापरलाच पाहिजे का?

सिद्धान्ताशिवाय कोणीच वाचत नाही. आपला सिद्धान्त कोणता हे काहींना ठाऊक नसते, इतकेच. पण सिद्धान्त संहितेवर साच्यासारखा दाबला, की प्रत्येक संहितेतून तीच आकृती बाहेर पडते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मध्ये शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन एअर' या कादंबरीवर लिहिताना, जेनच्या व्यक्तित्वाची घडण आणि वसाहतीतून आलेल्या, नायकाची पहिली पत्नी असलेल्या बर्थाचे माणूसपण पुसले जाणे या दोन गोष्टी जोडून दाखवल्या. त्या निबंधाची ताकद अशी, की तो वाचल्यावर कादंबरीतील प्रसंग पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. आपल्या प्रकरणातील सिद्धान्ताची परिभाषा काढून टाकल्यावर संहितेविषयी नवे असे एकही विधान उरत नसेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहावे लागेल.

एखादी अध्यापनपद्धती दुसरीपेक्षा चांगली आहे हे सिद्ध करता येते का?

असे प्रबंध फार लिहिले जातात आणि बहुतेकांचा आराखडा ठरलेला असतो : दोन वर्ग, पूर्वचाचणी, सहा आठवडे नवी पद्धती, उत्तरचाचणी आणि नव्या पद्धतीचा विजय. यात अडचणी अनेक आहेत. वर्ग आधीपासूनच बनलेले असतात, त्यामुळे विद्यार्थी यदृच्छेने विभागलेले नसतात. नवी पद्धती बहुधा संशोधक स्वतः उत्साहाने शिकवतो आणि जुनी दुसरा शिक्षक नेहमीप्रमाणे शिकवतो. मग फरक पद्धतीचा की शिक्षकाचा, हे कळायला मार्ग राहत नाही. उत्तरचाचणी शेवटच्या दिवशीच घेतल्यामुळे दोन महिन्यांनी काय उरले हे समजत नाही.

सर्वांत सूक्ष्म अडचण चाचणीची आहे. जी पद्धती संभाषणावर भर देते तिचे विद्यार्थी संभाषणाच्या चाचणीत पुढे राहणार आणि व्याकरणावर भर देणारीचे व्याकरणात, हे उघड आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये जो प्रकल्प चालवला, त्यात विद्यार्थ्यांना व्याकरण न शिकवता नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरवणे अशी विचारप्रवर्तक कामे दिली जात. या प्रकल्पाचे मूल्यमापन करणाऱ्यांना हीच अडचण आली आणि कोणत्याही एका बाजूला झुकते माप मिळू नये म्हणून वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. स्वतः प्रभू यांनीच पुढे १९९० मध्ये, सर्वोत्तम पद्धती असे काही नसते, ते का, याची चर्चा केली आणि शिक्षकाला आपण काय करतो व का करतो याची वाटणारी जिवंत खात्री अधिक महत्त्वाची मानली.

स्वतःच्या वर्गापुरता प्रश्न असेल तर कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच अध्यापनातील अडचण सोडवण्यासाठी शिक्षकाने केलेला अभ्यास, करावे आणि ते कृतिसंशोधन आहे असे म्हणावे. त्याला प्रयोगाचा पोशाख चढवण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांच्या चुकांचा अभ्यास आता जुना झाला का?

चुकांची यादी करून टक्केवारी काढणे जुने झाले. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चूक ही शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या रचनेची खूण मानली आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या रचनेला स्वतंत्र भाषाव्यवस्थेचा दर्जा दिला. त्यानंतर प्रश्न बदलला. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून मराठी भाषक ती गाळतात, हे म्हणणे बरोबर असले तरी अपुरे आहे. ती नेमकी कोणत्या नामांपुढे गाळतात आणि कोठे नको असताना घालतात, हे पाहिले तरच काही हाती लागते.

जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवलेली गोष्ट येथे विसरू नये. चिनी आणि जपानी भाषक विद्यार्थ्यांनी इंग्रजी संबंधदर्शक उपवाक्यांत ('हू', 'विच' अशा शब्दांनी नामाला जोडलेल्या उपवाक्यांत) फारसी व अरबी भाषकांपेक्षा कमी चुका केल्या, पण कारण असे निघाले की त्यांनी ती उपवाक्ये फार कमी वेळा लिहिली. अवघड वाट टाळणाऱ्याला ठेच कमी लागते. केवळ चुका मोजणाऱ्याला हे विद्यार्थी अधिक हुशार वाटले असते.

सहभागी व्यक्तींची संमती घेणे आवश्यक आहे का?

होय, लेखी आणि त्यांना समजेल अशा भाषेत. सहभागी अल्पवयीन असतील तर पालकांचीही. शिक्षक स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करत असेल, तर नकार देणाऱ्याच्या गुणांवर परिणाम होणार नाही हे स्पष्ट सांगावे आणि शक्यतो संमती दुसऱ्या कोणी घ्यावी, कारण समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला 'नाही' म्हणणे विद्यार्थ्याला अवघड जाते. लबॉव यांची दुकानातील पद्धत आज वापरायची म्हटली, तर नावे न नोंदवता केलेले ते निरीक्षण असूनही नैतिकता समितीपुढे त्याचे समर्थन करावे लागेल.

एमएलए शैली वापरावी की एपीए?

संदर्भ देण्याच्या या दोन शैली अनुक्रमे मॉडर्न लँग्वेज असोसिएशन आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थांच्या आहेत. नियतकालिक किंवा विद्यापीठ जी मागेल ती वापरावी. दोहोंतील फरकाला अर्थ मात्र आहे. एमएलए शैलीत कंसात लेखकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक येतो, कारण साहित्याच्या वाचकाला ते वाक्य पुस्तकात कोठे आहे हे पाहायचे असते. एपीए शैलीत नावापुढे वर्ष येते, कारण तेथे निष्कर्ष किती जुना आहे हे आधी कळावे लागते. एमएलएची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आणि एपीएची सातवी २०१९ मध्ये आली; जुन्या आवृत्तीवरून उतरवलेले नमुने तपासून घ्यावेत.

लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरता येतील का?

नियतकालिकाचे धोरण पाहावे आणि वापर केल्यास तसे नमूद करावे. संदर्भ मात्र या साधनांकडून कधीही घेऊ नयेत. खऱ्या संशोधकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि अस्तित्वातच नसलेला निबंध, अशी बेमालूम जुळणी ती करतात. जे पान आपण स्वतः उघडून वाचलेले नाही, ते संदर्भसूचीत येता कामा नये. हा नियम या साधनांच्या आधीपासूनचा आहे.

'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष आला, तर संशोधन वाया गेले का?

प्रश्न नीट विचारलेला असेल तर नाही. दोन गटांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, फरक न आढळणे म्हणजे दोन्ही गट सारखेच आहेत असे सिद्ध होणे नव्हे, एवढे भान लेखनात ठेवावे. गटात वीसच विद्यार्थी असतील, तर मध्यम आकाराचा फरकही निसटून जाऊ शकतो. म्हणून केवळ लक्षणीयतेचा आकडा न देता फरक किती मोठा आहे ते आणि तो कोठून कोठपर्यंत असू शकतो ते, दोन्ही द्यावे. काही नियतकालिके आता सामग्री गोळा करण्यापूर्वीच आराखड्याचे परीक्षण करतात आणि आराखडा मान्य झाल्यास, तो ठरल्याप्रमाणे पार पाडला असेल तर, निष्कर्ष कोणताही आला तरी निबंध छापतात. ही सोय आपल्या क्षेत्रातील कोणत्या नियतकालिकात आहे, हे पहिली चाचणी घेण्यापूर्वी पाहावे. नंतर पाहून उपयोग नाही.